ऊन पाण्याची वाट

कुंभकोण हे तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील एक प्राचीन नगर आहे. एका अंगाला कावेरी आणि दुसऱ्या अंगाला तिचाच फाटा असलेली अरसलार, अशा दोन नद्यांच्या मधोमध ते वसले आहे. सभोवार दृष्टी पोहोचेल तेथवर भातशेती. डोंगर असा कोठेच नाही. तंजावरास भोसले घराण्याची गादी १८५५ पर्यंत होती. त्यामुळे या मुलखात मराठी बोलणारी कुटुंबे आजही आढळतात आणि मराठी वाचकाला हे नाव परके वाटत नाही.

या गावातील एका साध्या अनुभवापासून प्रस्तुत पाठाचा आरंभ करावयाचा आहे. मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास, पहाटे अंगणात सडा घालण्यासाठी विहिरीतून पाणी शेंदले, तर ते हाताला ऊबदार लागते. त्याच विहिरीचे पाणी वैशाखातील दुपारी गार लागते. पाणी खरोखरच हिवाळ्यात तापते व उन्हाळ्यात निवते काय? पाण्यात उष्णतामापक बुडवून पाहिला, तर दोन्ही वेळी पारा जवळजवळ एकाच जागी, २८ अंश सेल्सियसच्या आसपास, उभा राहतो. बदलते ती हवा, आणि तिच्याबरोबर आपल्या हाताची जाणीव. जमिनीखाली काही मीटर गेले की ऋतूंचा प्रभाव उरत नाही. तेथे वर्षभराच्या हवेच्या सरासरीएवढे तापमान कायम असते.

आता याच उष्णतामापकासह कोकणात जावे. रत्नागिरी जिल्ह्याच्या संगमेश्वर तालुक्यात तुरळ नावाचे गाव आहे. तेथील कुंडातील पाणी ६० अंशांच्या आसपास असते. सूर्य तोच, हवाही साधारण तितकीच उष्ण. मग कुंभकोणची विहीर २८ अंशांवर आणि तुरळचा झरा ६० अंशांवर, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी शिक्षकाने विद्यार्थ्यांना घेऊन एक दिवसाची सहल काढावी. सह्याद्रीचा घाट आणि त्याच्या पायथ्याचे झरे ही या सहलीची पाठ्यपुस्तके होत.

घाटातील पहिला धडा

सहल पहाटे कराडहून निघावी. कोयनेचे खोरे चढत रस्ता कोयनानगरावरून कुंभार्ली घाटाच्या माथ्याशी येतो. येथून सह्याद्रीचा कडा एकदम कोसळतो आणि पाचशे मीटरांहून अधिक खाली चिपळूणच्या बाजूचा कोकणपट्टा पसरलेला दिसतो. पावसाळा नुकताच सरलेला असेल, तर कड्यावरून उतरणारे ओहोळही दृष्टीस पडतात. हे दृश्य मन भरून पाहावे. परंतु दृष्टी तेथेच थांबू देऊ नये. कड्यावरील आडव्या पायऱ्या मुलांना मोजावयास सांगाव्यात. काळ्या खडकाचा एक जाड थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, अशी ही उतरंड आहे. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा आढळतो.

हा खडक म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांमधून लाव्हारस पुनःपुन्हा बाहेर पडला, पसरला व थिजला. त्याचेच हे थर होत. तांबडा पट्टा दोन उद्रेकांमध्ये गेलेल्या काळाची साक्ष देतो. या काळ्या खडकालाही तळ आहे. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोलीचे एक छिद्र पाडण्यात आले. ते काम २०१७ साली पूर्ण झाले. त्या छिद्रात सुमारे सव्वा किलोमीटर खोलीवर बेसॉल्ट संपला आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा, कितीतरी अधिक पुरातन खडक लागला.

येथे एखादा चुणचुणीत विद्यार्थी म्हणेल, "झऱ्याचे पाणी कशाने तापते ते कळले! खाली ज्वालामुखीचा लाव्हा अजून गरम असेल." उत्तर चतुर आहे, आणि पुष्कळ सुशिक्षित माणसेही हेच सांगतात. म्हणून ते पारखून घेणे अवश्य आहे.

निवण्याचा हिशेब

खडकातून उष्णता बाहेर पडावयास लागणारा वेळ त्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दहापट झाली की वेळ शंभरपट होतो. १ मीटर जाडीचा तप्त थर निवण्यास ढोबळ मानाने बारा दिवस लागतात असे धरू. मग १० मीटरांच्या थरास सुमारे तीन वर्षे आणि १०० मीटरांच्या थरास सुमारे तीनशे वर्षे लागतील. सबंध रास एकदम ओतली गेली असे समजून तिची जाडी २ किलोमीटर धरली, तरी सव्वा लाख वर्षांत ती बहुतांशी निवेल. प्रत्यक्षात गेली आहेत ६.६ कोटी वर्षे. तेव्हा सह्याद्रीच्या लाव्ह्याची ऊब झऱ्यात उतरते, हे म्हणणे टिकत नाही.

दुसरे लोकप्रिय उत्तर गंधकाचे. कुंडापाशी कधी कधी वास येतो, म्हणून खाली गंधक आहे व त्यानेच पाणी तापते, असे सांगतात. याची परीक्षा वर्गातच करता येईल. दोन पेल्यांत सारखे पाणी घ्यावे. एकात चमचाभर गंधकाची पूड टाकून ढवळावे आणि दोहोंत उष्णतामापक ठेवावेत. अर्ध्या तासाने पाहिले तरी दोन्ही पारे सारखेच असतात. गंधक पाण्यात विरघळतही नाही. झऱ्यांना जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. खडकातून फिरताना पाण्यात उतरलेल्या पदार्थांपासून तो तयार होतो. म्हणजे वास हा पाण्याच्या प्रवासाचा परिणाम होय. तो उष्णतेचे कारण नव्हे.

उष्णता सर्वत्र आहे

मग उष्णता येते कोठून? पृथ्वीच्या पोटातून. पृथ्वी घडतानाची शिल्लक उष्णता आणि खडकांतील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गी अणूंच्या विघटनातून निघणारी उष्णता सतत वरच्या दिशेने वाहत असते. म्हणून जमिनीत जसजसे खोल जावे तसतसे तापमान वाढते. सामान्यतः दर किलोमीटरास २५ ते ३० अंशांनी. पृष्ठभागी २८ अंश असतील, तर १ किलोमीटरावर ५५, २ किलोमीटरांवर ८० हून अधिक आणि ३ किलोमीटरांवर १०० च्याही पुढे तापमान मिळेल.

हा नियम कुंभकोणलाही लागू आहे. तेथील भातखाचरांखाली कावेरी खोऱ्यातील वाळू, चिकणमाती व गाळखडक यांचे थर फार खोलवर गेले आहेत. त्या खोऱ्यात तेल व वायू यांच्या शोधासाठी खोल विहिरी खोदल्या आहेत. तेवढ्या खोलीवरील खडक व पाणी पुरेसे तप्त असते. म्हणजे ज्या विहिरीचे पाणी २८ अंशांचे आहे, तिच्याच खाली दोन-तीन किलोमीटरांवर पाणी उकळावयास लावील इतकी धग आहे. कुंभकोणला उष्णतेची वाण नाही. वाण आहे ती वाटेची.

पाणी खाली जाते आणि वर येते

दुपारपर्यंत सहल चिपळूण सोडून मुंबई-गोवे महामार्गाने दक्षिणेस लागेल. आरवली, तुरळ आणि राजवाडी ही तिन्ही झऱ्यांची ठिकाणे या मार्गावर किंवा त्याच्या जवळच आहेत. वाटेत नकाशा उघडावा. पालघर जिल्ह्यातील कोकनेरपासून राजापूरपर्यंत सुमारे ३५० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात १८ ठिकाणी असे झरे आहेत. वज्रेश्वरीजवळील अकलोली, गणेशपुरी, पालीजवळील उन्हेरे, दापोली तालुक्यातील उन्हवरे ही त्यांतील परिचित नावे. कोकणी माणूस अशा झऱ्याला 'उन्हाळे' म्हणतो, आणि उन्हेरे, उन्हवरे या ग्रामनामांतही ऊन पाणीच वाहते आहे. नकाशावर ही ठिकाणे किनाऱ्याला व सह्याद्रीला समांतर अशा एका पट्ट्यात येतात. इतस्ततः विखुरण्याऐवजी ती रांगेने का यावीत? कारण या पट्ट्यातील भूकवच खोलवर भंगलेले आहे, आणि झरे त्या भेगांच्या मागोमाग आले आहेत.

सह्याद्रीच्या या उतारावर वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याचा थोडा अंश खडकांच्या भेगांत शिरतो आणि अतिशय सावकाश खोल उतरतो. उतरताना प्रत्येक थराची ऊब तो घेत जातो. वरून डोंगरातील पाण्याचा दाब आणि तापल्यामुळे आलेला हलकेपणा, या दोहोंच्या बळावर ते पाणी दुसऱ्या भेगेने वर चढते. दोन्ही तोंडे वर असलेली वाकडी नळी डोळ्यांपुढे आणावी. तिचे एक तोंड डोंगरात व दुसरे पायथ्याशी. मात्र वर येणारी वाट पुरेशी मोकळी हवी. पाणी रेंगाळत आले, तर मार्गातील थंड खडक त्याची सारी ऊब काढून घेतील.

तुरळचे पाणी किती खोल गेले असेल? ६० मधून २८ वजा केले की ३२ उरतात. दर किलोमीटरास २७ अंश धरले तर खोली सुमारे १.२ किलोमीटर येते. वर येताना पाणी थोडे निवते आणि उथळ पाण्यात मिसळते. म्हणून प्रत्यक्ष खोली याहून अधिक असली पाहिजे.

कुंभकोणच्या सपाट गाळात यांपैकी काहीच नाही. डोंगर नाही म्हणून दाब नाही. खोल मोकळ्या भेगा नाहीत. चिकणमातीचे थर झाकणासारखे बसलेले आहेत. पाणी बहुतेक आडवेच सरकते. तप्त पाणी खाली राहते, आणि विहिरीला लागते ते वरचे.

आइसलंडसारख्या देशात मात्र भूगर्भात शिलारस आजही जवळ आहे आणि रेक्याविक नगरातील घरे भूगर्भीय ऊन पाण्याने उबदार ठेवली जातात. भारतातील सुमारे ३०० ज्ञात उष्ण झऱ्यांपैकी लडाखमधील पुगा येथे पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळते, कारण ते ठिकाण समुद्रसपाटीपासून ४,४०० मीटर उंचीवर आहे. झरा तोच दिसला तरी उष्णतेचे कारण स्थळपरत्वे वेगळे असू शकते, हे येथे ध्यानात घ्यावे.

कुंडापाशी काय पाहावे

प्रथम सावधगिरी. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते. यासाठी हात बुडविण्यापूर्वी शिक्षकाने तापमान मोजावे. ४० अंशांपलीकडील पाण्यात मुलांना उतरू देऊ नये. आरवलीचे पाणी ४० अंशांच्या आसपास असल्याने तुरळच्या मानाने सौम्य आहे; तरी तेथेही आधी मोजावे. अशा पाण्यात फ्लोराइडसारखे क्षार अधिक असू शकतात, म्हणून ते पिऊ नये. ऊन गोड्या पाण्यात क्वचित घातक अमीबा आढळतो व तो नाकावाटे शरीरात शिरतो. म्हणून डोके बुडवू नये.

त्यानंतर निरीक्षण. तळातून बुडबुडे येताना दिसले, तर पाणी उकळत आहे असे वाटते. परंतु उष्णतामापक ते खोटे ठरवितो. हे बुडबुडे मुख्यतः नायट्रोजनचे असतात. पावसाच्या पाण्याबरोबर विरघळलेली हवा खाली गेली. तिच्यातील ऑक्सिजन खडकांनी घेतला आणि नायट्रोजन परत आला. तापलेले पाणी पावसाचेच आहे, याचा हा पुरावा होय.

झऱ्याची उष्णता मोजताही येते. उदाहरणादाखल, वाहत्या धारेखाली २० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली असे समजा. म्हणजे दर सेकंदास अर्धा लिटर. हे पाणी २८ वरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ६७ किलोवॉट शक्ती लागेल. २ किलोवॉटचे ३३ बंब अहोरात्र चालू ठेवावे लागतील. हे काम जमीन बिनबोभाट करते.

वाट बुजली तर

पृथ्वीची उष्णता आटण्याचे भय नाही. भय आहे ते वाटेचे. ज्या भेगेने पाणी वर येते ती अरुंद असते. कुंडाशेजारी कूपनलिका खोदून भरमसाट उपसा केला, तर भेगेतील दाब कमी होतो आणि थंड पाणी आत शिरते. कुंडाचा तळ सिमेंटने बांधून काढला, तर झऱ्याचे मुखच कोंडते. वरच्या डोंगरावरील झाडी गेली की पाऊस मुरण्याऐवजी वाहून जातो. अशा रीतीने निवलेला झरा पुन्हा तापविण्याचा उपाय माणसाच्या हाती नाही. म्हणून कुंडाच्या रक्षणात त्याच्या काठाबरोबर मागच्या डोंगराचाही समावेश झाला पाहिजे. सहलीतील मुलांनी साबण आणि कचरा कुंडापासून दूर ठेवावा, एवढे त्यांच्या हातचे कर्तव्य आहे.

सायंकाळी परतताना त्यांना कुंभकोणच्या त्या पहाटेच्या बादलीची आठवण द्यावी. त्या पाण्याखालीही तीच धग आहे. एका ठिकाणी ती पायाखाली दडून राहिली. दुसऱ्या ठिकाणी डोंगराने, पावसाने आणि भंगलेल्या खडकाने तिला दार उघडून दिले.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या गावच्या विहिरीच्या पाण्याचे तापमान वर्षभर दरमहा एकदा, पहाटे व दुपारी मोजा आणि हवेच्या तापमानाशी ताडून पाहा. काय आढळते?

२. एका झऱ्याचे पाणी ४१ अंश आहे. ते किमान किती खोल गेले असावे? हे उत्तर 'किमान' का म्हणावयाचे?

३. १० मीटर जाडीचा लाव्ह्याचा थर निवण्यास तीन वर्षे लागत असतील, तर ५० मीटरांच्या थरास किती लागतील?

४. आपल्या तालुक्यात ऊन पाण्याचा झरा आहे काय? असल्यास त्याच्या आसपास कूपनलिका किती, याची नोंद करा आणि ती ग्रामपंचायतीस कळवा.