वळणाआधीचा ब्रेक

प्रश्न : पाठलागावरच्या पोलीस चालकाने वळणावर वेग कमी केला, तर आरोपी निसटणार नाही का? – एक वाचक, हैदराबाद

उत्तर : शंका रास्त आहे, पण वेग दुप्पट झाला की गाडीला वळणात धरून ठेवायला चौपट बळ लागते, आणि ते सारे टायरच्या पकडीतूनच यावे लागते. आपल्याच शहरातल्या बायोडायव्हर्सिटी उड्डाणपुलावर मर्यादा ताशी 40 किलोमीटर होती. 23 नोव्हेंबर 2019 रोजी शंभरच्या आसपास वेगाने आलेली मोटार तिथून खाली कोसळली आणि खालच्या रस्त्यावरच्या एका महिलेचा हकनाक जीव गेला. गस्तीची इनोव्हा तर छोट्या मोटारीपेक्षा उंच आणि जड. म्हणून ब्रेक सरळ रस्त्यावरच पुरा करावा, गिअर आधी उतरवावा, आपल्याच लेनच्या बाहेरच्या कडेने वळणात शिरावे आणि वळणाचा शेवट दिसल्यावरच अ‍ॅक्सिलरेटर दाबावा. ऐन वळणात जोराचा ब्रेक मारला, तर वळण्यासाठी लागणारी पकड थांबण्यात खर्ची पडते. एबीएस चाके जाम होऊ देत नाही, पण पकड वाढवत नाही.

राहिला आरोपी. वळणावर गमावलेले क्षण सावरलेल्या गाडीला पुढच्या सरळ रस्त्यावर बरेचसे भरून काढता येतात, आणि वायरलेसवरून पुढे नाकाबंदीही लावता येते. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते, तेव्हा सायरन चालू असला तरी वेग आणखी उतरवा.