घरखर्च, एका ओळीत

अप्पा सांगलीच्या गणपती पेठेत हळदीच्या एका अडत पेढीवर दिवाणजी होते. निवृत्तीनंतरही पेठ त्यांना दिवाणजीच म्हणायची. खरं नाव किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे. त्यांना जाऊन वर्ष झालं. त्यांच्यापाशी राहून जे अंगवळणी पडलं, त्यातलं थोडं लिहून ठेवते.

१. फरक लहान असेल तर जास्त शोधावा.
तेरजेत दहा हजारांचा फरक आला तर अप्पा निवांत असत. एवढी मोठी चूक लपून लपणार कुठे? सत्तावीस रुपयांचा आला की मात्र चहा बाजूला. लहान फरकामागे दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असू शकतात, असं ते म्हणत. आधी फरकाला नऊने भागायचं. पूर्ण भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव, म्हणजे ६३ चे ३६. नाहीतर फरकाच्या निम्मी रक्कम वह्यांत शोधायची. सापडली तर बहुधा नावेची नोंद जमेला पडलेली असते. शाळेत पोषण आहाराच्या तांदळाचा मेळ बसला नाही की मी आजही आधी नऊने भागते.

२. खाडाखोड करू नये.
चुकलेला आकडा एका रेघेनं कापायचा, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही. पांढरी शाई त्यांनी घरात येऊ दिली नाही. भावाचं पहिलं लग्न मोडलं, तेव्हा काकू तो अल्बम माळ्यावर टाकायला निघाली होती. अप्पा म्हणाले, "असू दे तिथंच. झालेलं लग्न आहे ते."

३. घरात हिशेब मागू नये.
हे मला सगळ्यात उशिरा उमगलं आणि सगळ्यात जास्त पटलं. अप्पा रिक्षाचे पाच रुपयेही खासगी वहीत लिहीत. पण पहिल्या तारखेला आईच्या हाती ठरलेली रक्कम दिली की त्याची नोंद एकाच शब्दाची: घरखर्च. पुढं त्या पैशाचं काय झालं, याला त्यांच्या वहीत जागाच नव्हती. आईची भिशी होती, त्यातून तिनं पाटल्या केल्या, माहेरच्या अडीनडीला दिले. अप्पांना हे कळलं नसेल? हजार पोत्यांत एक कमी भरलं तर ज्याला रात्री झोप लागत नसे, त्याला? पण शब्दानं विचारलं नाही. थोरली वहिनी नवी असताना भाजीच्या हिशेबाची चिठ्ठी घेऊन समोर उभी राहिली. अप्पांनी चष्मा काढून ठेवला. "अगं, मी रिटायर झालो." तिनं पुन्हा कधी चिठ्ठी केली नाही.

४. पूर आला की आधी वह्या वर न्याव्यात.
२००५ साली पेठेत पाणी शिरायला लागलं, तेव्हा त्यांनी हमालांना घेऊन लाल वह्या माळ्यावर चढवल्या. तिजोरीचं नंतर बघू म्हणाले. मालक भडकले. अप्पांचं म्हणणं, तिजोरीत कालचा गल्ला आहे. येणं कुणाकडं आहे ते वहीत आहे. आयर्विन पुलाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे सांगलीत पोरासोरांनाही पाठ असतं. २०१९ ला चाळिशी गाठताच त्यांनी आम्हाला सामानासकट मिरजेला मावशीकडे धाडलं. गल्लीतले हसले. पुढं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

५. नॉमिनी लावून मोकळं होऊ नये.
नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, त्यांचा धनी होतोच असं नाही. वाटा ठरतो मृत्युपत्रानं किंवा वारसा कायद्यानं. म्हणून अप्पांनी मृत्युपत्रही केलं आणि दोन्ही साक्षीदार मुद्दाम आपल्यापेक्षा वयानं लहान निवडले. प्रत्येक पासबुकात पहिल्याच पानाला चिठ्ठी टाचलेली: कुठली शाखा, कुणाचं नाव, मुदत कधी. आईला एकही हेलपाटा जास्त पडला नाही.

६. उचंत खातं असावं, पण मार्चअखेर मिटवावं.
कुठली रक्कम कशाची ते कळेना, की ती तात्पुरती उचंतला. आयकरानं १९८९ पासून सगळ्यांचं वर्ष ३१ मार्चला आणून बसवलं; त्याआधी पेढीचं वर्ष दिवाळीला फिरायचं. नंतरही लक्ष्मीपूजनाला कोरी वही पुजली जायचीच, पण उचंतची धास्ती मार्चची. घरात जेवताना भावंडांची जुंपली की अप्पा ताटावरूनच म्हणत, "उचंतला टाका. मार्चला बघू." निम्मी भांडणं मार्चपर्यंत कुणाच्या लक्षातच राहत नसत. आमराईतल्या दोन झाडांचा वाद त्यांनी असाच टाकलेला आहे. यंदाचा मार्च होऊन गेला. धाकट्यानं विषय काढला नाही, मीही काढला नाही. आंबे मात्र दोघांनी उतरवले.