पोहण्याची गती : मोजणी आणि अर्थ

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन प्रकार खंड न पाडता एकापाठोपाठ एक पूर्ण करावयाचे, असे ट्रायथलॉन स्पर्धेचे स्वरूप आहे. १९७८ साली हवाई बेटांपैकी ओआहू येथे या स्पर्धेचा ‘आयर्नमॅन’ हा दीर्घ प्रकार प्रथम झाला, तेव्हा १५ स्पर्धक सुमारे ३.८६ किलोमीटर पोहण्यासाठी समुद्रात उतरले. २००० साली सिडनी येथे ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचा समावेश झाला. तेथे १.५ किलोमीटर पोहून झाल्यावर ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धाव होती. अंतर कोणतेही असो, किनाऱ्याला लागताना अंगात पुढील दोन टप्प्यांपुरती शक्ती उरलेली असावी लागते. गतीचा हिशेब करावयाचा तो याचसाठी.

जलतरणात गती सामान्यतः दर शंभर मीटरला लागणाऱ्या वेळात सांगतात. १५०० मीटर अंतर ३० मिनिटांत कापले, तर ही गती २ मिनिटे होय. परंतु दीर्घकाळ टिकणारी गती आधीच कशी ओळखावी? त्यासाठी तलावात ४०० आणि २०० मीटर ही दोन अंतरे, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन, शक्य तितक्या वेगाने पोहावीत आणि दोन्ही वेळांची वजाबाकी करावी. समजा, ४०० मीटरला ८ मिनिटे आणि २०० मीटरला ३ मिनिटे ५० सेकंद लागले. फरक २५० सेकंदांचा, आणि तो २०० मीटरचा. म्हणजेच दर शंभर मीटरला २ मिनिटे ५ सेकंद. आरंभीच्या जोराचा लाभ दोन्ही वेळांत सारखाच असल्यामुळे वजाबाकीत तो गळून पडतो आणि टिकाऊ गती तेवढी उरते. या गतीने १५०० मीटरला ३१ मिनिटे १५ सेकंद लागतील.

आता हाच जलतरणपटू उत्साहाच्या भरात पहिले शंभर मीटर १ मिनिट ५० सेकंदांत पोहला, तर काय होईल? पाण्याचा विरोध स्थूलमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. त्यामुळे वाचणाऱ्या १५ सेकंदांसाठी त्याला जवळजवळ दीडपट शक्ती खर्चावी लागेल. पुढे दम लागेल, हात जड होतील. आणि खोल पाण्यात घटकाभर बसून विसावण्याची सोय नसते.

तलावातील आकडा समुद्रात जसाच्या तसा उतरत नाही, हेही ध्यानी ठेवले पाहिजे. तेथे पायाने रेटा देण्यास भिंत नसते, दिशा पाहण्यासाठी वारंवार मान वर काढावी लागते आणि मार्ग थोडा वाकडा झाला की १५०० मीटरचे सहज १६०० होतात. म्हणून घड्याळावर मोजलेली गती सरावाने श्वासाच्या आणि हातांच्या लयीत ओळखता आली पाहिजे. गणित तलावाच्या काठावर करावयाचे असते. पाण्यात उतरल्यावर त्याची साक्ष शरीरालाच द्यावी लागते.