चोविसावा गुरू : कुंभारीण माशी

अवधूतांनी यदुराजाला सांगितलेल्या चोवीस गुरूंत शेवटी येते ती कुंभारीण माशी. गांधीलमाश्यांसारखं पोळं, राणी, कामकरी असा हिचा संसार नसतो. एकटीच चिखल आणते आणि भिंतीवर बोराएवढं मडकं घडवते. आत धाग्याने अंडं टांगते, मग अळ्या भरून तोंड लिंपते. अळी मेलेली नसते बरं का! नांगीच्या विषाने नुसती लुळी पडते, म्हणून सडत नाही. अंड्यातलं पिल्लू तिच्यावरच पोसतं आणि पंख फुटले की मडक्याला भोक पाडून निघून जातं.

पूर्वीच्यांनी अळी आत जाताना पाहिली, माशी बाहेर येताना पाहिली. ध्यासाने अळीचीच माशी झाली असं मानलं. आता मुलं विचारतात, मग अवधूत चुकले का? मी म्हणतो, अळी खाल्ली जाते हे त्यांना सरळ सांगावं. भागवतातलं बोलणं मनाबद्दल आहे : स्नेहाने, द्वेषाने किंवा भयाने मन जिथे जडेल, त्याचंच रूप ते घेतं. प्रवचनात आपण स्नेहाचंच सांगतो, द्वेष आणि भय गाळतो. माझ्या मते दृष्टांताची खरी धार तिथेच आहे. दिवसरात्र वैऱ्याचं चिंतन करणाराही एक प्रकारे ध्यानच करतो!

दत्तजयंतीची झाडलोट करताना भोक नसलेलं मडकं दिसलं, तर तेवढं राहू द्या. आत पिल्लू असेल.