पिलांची रक्ती हगवण

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते. २१ दिवसांनी पिलं बाहेर पडतात. घरातल्या बाईच्या मनात हिशेब सुरू होतो. एवढी पिलं मोठी होतील, एवढी अंडी मिळतील, मीठमिरचीचा खर्च भागेल. पण पिलं महिन्याची होतात न होतात तोच मरू लागतात. कुणी म्हणतं, दृष्ट लागली. कुणी म्हणतं, हवा बदलली. खरं कारण काय ते आपण पाहू.

या रोगाला रक्ती हगवण म्हणतात. डॉक्टरी नाव कॉक्सिडिओसिस. ३ ते ८ आठवड्यांच्या पिलांना तो जास्त होतो.

रोग ओळखावा कसा?

सकाळी डालगं उचललं की आधी पिलं बघा, मग खालची शीट बघा. आजारी पिलू पिसं फुगवून कोपऱ्यात बसतं. पंख खाली सोडतं. डोळे मिटतं. दाणा टिपत नाही. तुरा फिका पडतो. शीट पातळ होते. तिच्यात तांबडं रक्त दिसतं. रक्त दर वेळी दिसेलच असं नाही, म्हणून पिलाकडेही नजर हवी.

पहिल्या दोनतीन आठवड्यांतच पांढरी, चिकट हगवण झाली, तर तो रोग वेगळा. हिरवी हगवण, धाप आणि वाकडी मान दिसली, तर ती मानमोडी असू शकते. मानमोडीवर औषध नाही. तिची लस आधीच टोचून किंवा पाजून घ्यावी लागते. शंका आली तर आजारी पिलू किंवा नुकतंच मेलेलं पिलू पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

रोग पसरतो कसा?

डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव पिलाच्या आतड्यात वाढतात. ते आतड्याला आतून जखमा करतात. म्हणून रक्त पडतं. या जीवांची अंडी शिटेतून बाहेर येतात. जागा ओली आणि उबदार असली, की एकदोन दिवसांत ती रोग द्यायला तयार होतात. दुसरं पिलू दाणा टिपताना ती गिळतं. पाचसहा दिवसांत तेही आजारी पडतं. पावसाळ्यात म्हणूनच हा रोग फार. या अंड्यांचं कवच चिवट असतं. नुसतं फिनेल शिंपडून ती मरत नाहीत.

उपाय काय?

एका पिलाला रक्त पडलं, तर बाकीच्यांच्या पोटातही रोग गेला असं समजा. आजारी पिलू वेगळे ठेवा, पण औषध सगळ्यांना द्या. आजारी पिलू दाणा सोडतं, तरी पाणी पितं. म्हणून औषध पाण्यातून देतात. अँप्रोलियम नावाचे औषध यासाठी मिळते. ते पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारून घ्यावे.

औषधाच्या पाकिटावर प्रमाण छापलेले असते. किती पाण्यात किती औषध, आणि किती दिवस. ते स्वतः वाचा. आता आपल्याला वाचता येते! चिमटीचा अंदाज नको. कमी पडलं तर गुण येत नाही, जास्त झालं तर अपाय होतो. औषधाचं पाणी रोज ताजं करा. दुसरं पाणी समोर ठेवू नका. पिलं हिंडू लागली तरी सांगितलेले दिवस पुरे करा.

रोग येऊच नये म्हणून

आम्ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू : जागा कोरडी ठेवा. खाली भाताचं तूस पसरा. ते रोज हलवा. ओलं झालेलं काढून टाका. पाण्याचं भांडं पिलांच्या पाठीइतकं उंच ठेवा, म्हणजे त्यात शीट पडत नाही आणि पाणी सांडत नाही. पिलांची दाटी करू नका. मोठ्या कोंबड्यांत पिलं सोडू नका. मोठी कोंबडी धडधाकट दिसते, पण तिच्या शिटेतून रोग येऊ शकतो. मेलेलं पिलू उकिरड्यावर न टाकता खोल पुरा.

हा रोग माणसाला होत नाही. तरीही खुराडं झाडल्यावर हात साबणानं धुवावेत.

औषधाला पैसे पडतात. कोरड्या तुसाला थोडी मेहनतच पडते.

सांगा पाहू
१. हा रोग पावसाळ्यात जास्त का होतो?
२. औषध सगळ्या पिलांना का द्यावे?
३. घरातलं एखादं औषधाचं पाकीट घ्या. त्यावरचं प्रमाण वाचून वहीत लिहा.