दूरदृश्यप्रणाली आणि वर्गाध्यापन : एक पाठविचार



परिसर अभ्यासाच्या तासाला गावचा कुंभार, टपालवाला किंवा आरोग्यसेविका यांना वर्गात बोलावण्याची पद्धत आपल्या शाळांना नवी नाही. पाहुणा आला की मुलांची चर्या बदलते, एरव्ही अबोल असणारे मूलही एखादा प्रश्न विचारून जाते, हा अनुभव बहुतेकांनी घेतला असेल. मात्र हा पाहुणा पंचक्रोशीतीलच असावयाचा, ही मर्यादा आजवर होती. खगोलशास्त्रज्ञ, समुद्रकिनाऱ्यावरील कोळी किंवा हिमाच्छादित प्रदेशातील शाळा यांच्याशी आपल्या विद्यार्थ्यांची गाठ केवळ पाठ्यपुस्तकातील चित्रात पडे. दूरदृश्यप्रणालीने, म्हणजे ज्यास आपण व्यवहारात व्हिडिओ कॉल किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सिंग म्हणतो त्या साधनाने, ही मर्यादा पुष्कळ अंशी दूर केली आहे. हे साधन कोणत्या पाठास उपयोगी पडते आणि त्याचा पाठ कसा बांधावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

दूरचे चित्र खेड्यातील वर्गात आणण्याचा मोठा प्रयोग आपल्या देशात १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. त्या काळाच्या मानाने ते कार्य थोर होते; पण चित्र एकाच दिशेने येत असे. पडद्यावरील माणूस बोले आणि मुले ऐकत; मुलांना काय कळले नाही हे त्या माणसास कळण्याचा मार्ग नव्हता. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी एज्युसॅट हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह सोडण्यात आला व त्यावरील काही केंद्रांतून विद्यार्थ्यास उलट प्रश्न विचारण्याची सोय झाली. आज हीच सोय शिक्षकाच्या खिशातील दूरध्वनीत आहे. तथापि, वर्गात तिचा उपयोग पुष्कळदा १९७५ च्या पद्धतीनेच होतो, असे खेदाने म्हणावे लागते. पाहुणा चाळीस मिनिटे बोलतो, मुले हाताची घडी घालून बसतात, शेवटी टाळ्या होतात. असा कार्यक्रम करण्यापेक्षा एखादा चांगला चित्रपट दाखवावा. त्यात निदान आवाज तरी स्पष्ट असतो.

२०२० साली साथीच्या काळात शाळा बंद राहिल्या, तेव्हाच्या ऑनलाइन वर्गांची आठवण अनेक शिक्षकांच्या मनात कटू आहे. ज्या घरी दूरध्वनी नव्हता तेथील मूल शिक्षणापासून तुटले. प्रस्तुत पद्धती त्याहून वेगळी आहे हे पालकांनाही सांगावे. येथे सर्व मुले एकाच खोलीत, एकाच पडद्यासमोर, आपल्या शिक्षकांसह बसलेली असतात. कोणाच्या घरी कोणते यंत्र आहे याचा प्रश्न उद्भवत नाही.

या कामाची उदाहरणे शोधण्यास दूर जावयास नको. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर संकेतांबद्दल त्यांचे नाव अधिक घेतले जाते; परंतु दूरदृश्य सहलींद्वारे ऐंशीहून अधिक देशांतील वर्गांशी त्यांनी साधलेला संबंध आपल्या दृष्टीने अधिक अभ्यसनीय आहे. या सहलींत परितेवाडीसारख्या लहान गावातील शिक्षक इतर देशांतील मुलांचा ‘तज्ज्ञ पाहुणा’ झाला. तज्ज्ञ म्हणजे नेहमी शहरातला आणि शिकणारे म्हणजे नेहमी खेड्यातले, ही समजूत आपण आपल्या मनातूनच प्रथम काढून टाकली पाहिजे. ज्वारीची सुगी, बलुत्याची जुनी चाल, दुष्काळातील पाण्याचा हिशेब या गोष्टी आपल्या मुलांना जितक्या ठाऊक आहेत, तितक्या मुंबईच्या मुलांना नाहीत.

दुसरे उदाहरण फलटणचे. प्रा. सुगत मित्रा यांच्या प्रेरणेने २००९ पासून इंग्लंडमधील अनेक स्वयंसेवक, त्यांत निवृत्त शिक्षिका पुष्कळ, भारतातील मुलांशी पडद्यावरून गोष्टी-गप्पा करू लागले. या उपक्रमास ‘आज्यांचा मेघ’ अशा अर्थाचे गमतीचे नाव पडले. २०१३ मध्ये प्रा. मित्रा यांना दहा लक्ष डॉलरचे टेड पारितोषिक मिळाल्यावर भारतात व इंग्लंडमध्ये जी केंद्रे निघाली, त्यांपैकी एक फलटणला होते. या आज्या विषय शिकवीत नसत. मुलाने काही करून दाखविले की त्या नवल करीत आणि आणखी विचारीत. नातवंडाचे कौतुक करणारी आजी जे करते तेच. हे नवल करणे वर्गातील शिक्षकाला रोज साधत नाही, कारण त्याला अभ्यासक्रम पुरा करावयाचा असतो. पाहुण्याकडून ज्ञानाइतकीच ही गोष्ट मागून घ्यावी.

पूर्वतयारी

पाठाचे यश पडदा सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील अंतराळवीरांशी शाळांनी हॅम रेडिओवरून बोलण्याचा एक उपक्रम जगभर चालतो. जुलै २०२५ मध्ये आपले अंतराळवीर श्री. शुभांशु शुक्ल यांनीही स्थानकावरून भारतीय विद्यार्थ्यांशी असा संवाद केला. स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून इतक्या वेगाने जाते, की एका शाळेला संभाषणास दहा मिनिटांच्या आतबाहेरच अवधी मिळतो. त्यामुळे मुले प्रश्न आधी लिहितात, त्यांचा क्रम लावतात, एकामागून एक रांगेत उभी राहून विचारतात. आपणास दहा मिनिटांचे बंधन नाही, तरी तयारी तशीच असावी.

आठवडाभर आधी वर्गात विषय सांगावा व प्रत्येक मुलाने दोन प्रश्न लिहून आणावेत. मग फळ्यावर त्यांची छाननी करावी. ज्याचे उत्तर पुस्तकात आहे तो प्रश्न तेथेच निकालात निघतो. ज्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ इतकेच आहे तो बदलून घ्यावा. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीविषयी एखाद्या संशोधकाशी बोलावयाचे असेल, तर “तिथे किती तबकड्या आहेत?” हा प्रश्न वाया गेला, त्या तीस आहेत व प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे, हे आधीच शोधून काढता येते. “एकच मोठी तबकडी का बांधली नाही?” हा प्रश्न मात्र पाहुण्याला खुर्चीत सरसावून बसावयास लावील.

प्रश्न विचारणाऱ्यांची यादी करताना एक पथ्य पाळावे. नेहमीची तीन-चार चुणचुणीत मुले पुढे करण्याचा मोह शिक्षकास होतो, कारण बाहेरच्या माणसासमोर शाळेची शोभा राहावी असे त्यास वाटते. ऊसतोडीवरून मध्येच परतलेले मूल, घरी वेगळी बोली बोलणारे मूल, यांचा प्रश्न पहिल्या पाचांत असावा. आणि तो त्याच्या बोलीत असला तर तसाच विचारू द्यावा. पाहुण्यासही आधी कळवावे की मुले मराठीत बोलतील. पाहुण्याची भाषा मुलांना अपरिचित असेल तर शिक्षकाने दर दोन वाक्यांनंतर थांबवून सांगावे. त्यात संकोच नको.

नमुना पाठ : सावलीवरून पृथ्वीचा परीघ

(इयत्ता सातवी, विषय भूगोल व गणित)

दोन शाळा जोडल्याखेरीज जो पाठ होऊच शकत नाही, असा पाठ निवडणे उत्तम. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधील सायीनी व अलेक्झांड्रिया या दोन गावांतील सूर्यकिरणांच्या कोनांतील फरकावरून पृथ्वीचा परीघ काढला. तीच कृती आपली मुले करू शकतात.

जोडीदार शाळा आपल्या जवळजवळ थेट उत्तरेस किंवा दक्षिणेस हवी. सोलापूरचे रेखांश सुमारे ७५.९ अंश पूर्व, तर पंजाबातील जालंधरचे सुमारे ७५.६, म्हणून ही जोडी चांगली. कोल्हापूरकडील शाळांनी अमृतसरच्या बाजूची, नागपूरकडील शाळांनी बरेलीच्या बाजूची शाळा पाहावी. फेब्रुवारीचा मध्य या पाठास सोयीचा, कारण तेव्हा पावसाळी ढग नसतात, उत्तरेकडील धुके ओसरलेले असते आणि आपली शाळा दुपारचीही भरते.

प्रथम आपल्याच अंगणात विषयप्रवेश करावा. एका सपाट फळीवर दोन काड्या उभ्या करून उन्हात धराव्यात. दोहोंच्या सावल्या सारख्या पडतात. मग एका गोल भोपळ्यात दोन काड्या थोड्या अंतरावर सरळ खोचाव्यात. सावल्या कमीजास्त होतात. सूर्य फार दूर असल्याने त्याचे किरण समांतर येतात, तरी सावल्या निराळ्या का, हे मुले स्वतःच सांगतील.

ठरलेल्या दिवशी दोन्ही शाळांनी बरोबर एक मीटर उंचीची काठी ओळंबा लावून उभी करावी. साडेबारापासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. १५ फेब्रुवारीच्या सुमारास सोलापूरला सावली सर्वांत आखूड होते ती बारा वाजता नव्हे, तर सुमारे १२ वाजून ४० मिनिटांनी. जालंधरलाही त्याच सुमारास. घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा वेगळे कसे, हा प्रश्न येथे निघतोच; त्यास प्रमाणवेळेच्या ८२.५ अंश रेखांशाचे उत्तर थोडक्यात देऊन पुढे जावे, कारण काठीकडे दुर्लक्ष होता कामा नये.

सोलापूरला सावली सुमारे ५९ सेंटिमीटर, जालंधरला सुमारे ९७ सेंटिमीटर भरेल. मुलांनी वहीत १० सेंटिमीटरची काठी व ५.९ सेंटिमीटरची सावली काटकोनात काढून वरच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजावा. तो साडेतीस अंशांच्या आसपास येतो, पलीकडच्या शाळेचा ४४ च्या आसपास. फरक साडेतेरा अंश. नकाशावर प्रमाणपट्टीने मोजलेले दोन गावांतील सरळ अंतर सुमारे १,५२० किलोमीटर. ३६० भागिले १३.५ म्हणजे सुमारे २६.७, त्यास १,५२० ने गुणले की सुमारे ४०,५०० किलोमीटर. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे.

येथेच पाठाचा खरा भाग सुरू होतो. कोनात एका अंशाची चूक झाली तर उत्तर सुमारे तीन हजार किलोमीटरांनी हलते. एखाद्या गटाचे उत्तर ३७,००० आले, तर चूक कोणाची? मग मुले पडद्याजवळ जाऊन पलीकडच्यांना विचारतात, “तुमची काठी सरळ आहे का? ओळंबा दाखवा.” पलीकडचेही तेच विचारतात. निव्वळ आकडे पत्रानेही कळविता आले असते. परंतु दूरच्या मुलाची सावली डोळ्यांसमोर आपल्यापेक्षा लांब पडलेली पाहणे आणि त्याच्या मापाला हरकत घेणे पत्राने साधत नाही. शिक्षकाने या वादात निर्णय देण्याची घाई करू नये. जमिनीचा उतार, काठीची उंची, सावलीच्या अस्पष्ट टोकाची खूण, ही कारणे मुलांनीच शोधावीत.

चौथीच्या वर्गासाठी याचेच लहान रूप आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात साडेचार वाजता अरुणाचल प्रदेशातील इटानगरच्या परिसरातील एखाद्या शाळेस दूरध्वनी लावावा. दोन्हीकडे घड्याळ एकच वेळ दाखविते. पण तेथे सूर्य नुकताच मावळलेला असतो व आपल्याकडे सूर्यास्तास सुमारे दीड तास अवकाश असतो. याविषयी आधी काहीही सांगू नये. पलीकडे अंधारून येते आहे हे मुलांनाच दिसू द्यावे.

शेजारची शाळा

दूरच्या शाळेचे आकर्षण स्वाभाविक आहे. पण ज्या वस्तीशाळेत चौथीत तीनच मुले आहेत, तेथील शिक्षकास याहून साधी गरज असते. तीन मुलांत वादविवाद होत नाही, गटकार्य होत नाही, एक गैरहजर राहिले की खेळही होत नाही. अशा शाळेने पलीकडच्या खोऱ्यातील तशाच शाळेशी आठवड्यातून एक तास ठरवून घ्यावा. एका शाळेने गोष्ट अर्धी सांगावी, दुसरीने पुरी करावी. एकीने गणित घालावे, दुसरीने सोडवावे. दोन्ही शिक्षकांसही त्यात सोबत मिळते, आणि एकट्याने शाळा चालविणाऱ्यास ती किती हवीशी असते हे सांगावयास नको. वर्षातून एकदा दोन्ही शाळांची सहल एकत्र काढली, तर पडद्यावरील ओळखीस अर्थ येईल.

साधनांविषयी थोडेसे

चित्र अस्पष्ट चालते. आवाज अस्पष्ट चालत नाही. म्हणून खर्च करावयाचा तर प्रथम चांगल्या माइकवर व स्पीकरवर करावा. माइक व स्पीकर एकमेकांपासून दूर ठेवावेत. एकाच खोलीत दोन दूरध्वनी एकाच संभाषणास जोडले, तर कर्कश शीळ वाजते. बोलणारे मूल माइकशी येऊन उभे राहावे, तोवर बाकीच्यांचा गोंगाट पलीकडे जाऊ नये म्हणून माइक बंद ठेवावा. मुलांच्या पाठीशी खिडकी असेल तर त्यांचे चेहरे काळे दिसतात. आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो, यास्तव प्रश्न विचारून थांबण्याची सवय आधी लावावी. तासाभराच्या संभाषणास साधारण अर्धा ते दीड गिगाबाइट डेटा लागतो. आदल्या दिवशी त्याच वेळी, त्याच खोलीतून चाचणी घ्यावी; सकाळी चांगली मिळणारी जोडणी दुपारी मिळेलच असे नाही. वीज जाणे किंवा जोडणी तुटणे हे गृहीत धरून पाठटाचणात पर्यायी कृती लिहून ठेवावी.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत शैथिल्य नको. पालकांची लेखी संमती घ्यावी. पडद्यावर मुलाचे पूर्ण नाव, घरचा पत्ता किंवा क्रमांक येऊ देऊ नये. संमतीशिवाय ध्वनिचित्रमुद्रण करू नये, आणि कार्यक्रमाची छायाचित्रे उत्साहाच्या भरात गावच्या व तालुक्याच्या समूहांवर टाकू नयेत. जोडणीचा दुवा फक्त संबंधितांना द्यावा व शिक्षकाने पूर्ण वेळ वर्गातच असावे.

पाठानंतर दुसऱ्याच दिवशी मुलांनी पाहुण्यास टपालाने पत्र लिहावे. त्यात आभाराच्या दोन ओळी पुरेत. ज्या प्रश्नाचे उत्तर पटले नाही तो प्रश्न अवश्य लिहावा. केंद्राच्या शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेने आपले अक्षांश-रेखांश, उपलब्ध साधने व आपली मुले इतरांस काय दाखवू शकतात याची एक ओळ केंद्रप्रमुखांकडे द्यावी, म्हणजे फेब्रुवारीपूर्वी जोड्या ठरविणे सुलभ होईल. सावली मोजण्याच्या दिवशी जोडणी मिळाली नाही तरी आपल्या काठीचे माप वहीत नोंदवून ठेवावे व पलीकडचे माप सायंकाळी साध्या दूरध्वनीवरून घ्यावे.