आज स्वयंपाक माझ्याकडे!

मुलांनो, तुमच्या घरी रोज स्वयंपाक कोण करते? बहुतेक जण म्हणतील, "अम्मी करते." काही जण म्हणतील, "आपा करते." आता दुसरा प्रश्न. अम्मीला ताप आला आणि आपा परीक्षेला गेली, तर त्या दिवशी घरात काय शिजेल?

"हॉटेलातून आणू," असे कोणीतरी म्हणेल. पण रोज हॉटेलातून आणणे परवडत नाही. शिवाय आजारी माणसाला तिखट आणि तेलकट जेवण सोसत नाही. म्हणून प्रत्येक मुलाला व मुलीला निदान एक तरी पदार्थ करता आला पाहिजे. होय, मुलालासुद्धा! लग्नात शेकडो पाहुण्यांची बिर्याणी शिजवणारे बावर्ची बहुधा पुरुषच असतात. त्यांना कोणी हसत नाही. मग घरी कांदा चिरायला लाज कशाची?

"पण सर, गोश्त करणे अवघड असते!" बरोबर आहे. गोश्त महाग असते, लवकर खराब होते आणि नीट शिजवावे लागते. म्हणून शिकणाऱ्याने सुरुवात डाळ-तांदळापासून करावी. डाळ-तांदूळ डब्यात महिनाभर टिकतात. मसूर डाळ तर भिजत न घालताही लवकर शिजते.

चला, चार माणसांसाठी मसूर डाळीची खिचडी करू या. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी डाळ घ्या. खडे निवडा. तीन वेळा पाण्याने धुवा. पाच लिटरच्या कुकरमध्ये दोन मोठे चमचे तेल तापवा. त्यात मोहरी टाका. ती तडतडली की जिरे, चिरलेला कांदा, लसूण आणि एक हिरवी मिरची घाला. कांदा गुलाबी झाला की अर्धा चमचा हळद घाला. मग डाळ-तांदूळ टाकून दोन मिनिटे परता. सात वाट्या पाणी आणि चवीपुरते मीठ घाला. झाकण लावा. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा.

तेलात मोहरी-जिरे घालण्याला आपण उर्दूत 'बघार' म्हणतो. मराठीत त्याला 'फोडणी' म्हणतात. आपली 'प्याज' म्हणजे मराठीतील 'कांदा', 'नमक' म्हणजे 'मीठ' आणि 'इमली' म्हणजे 'चिंच'. पण 'तवा', 'कढई' आणि 'चमचा' हे शब्द दोन्ही भाषांत सारखेच आहेत. मराठवाड्यात अनेक घरी खिचडीबरोबर 'खट्टा' करतात. चिंचेच्या कोळात भाजलेल्या तिळाची पूड, कच्चा कांदा, मिरची आणि कोथिंबीर घातली की खट्टा तयार होतो.

"एवढ्याने ताकद येते का?" येते. १०० ग्रॅम कोरड्या मसूर डाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. तांदळाच्या प्रथिनांत जो घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जो कमी असतो, तो तांदळात मिळतो. म्हणून दोन्ही एकत्र खाणे चांगले. डाळीत लोहही असते. रक्तासाठी ते आवश्यक आहे. खिचडीवर लिंबू पिळले, तर शरीर लोह अधिक प्रमाणात घेते. जेवणाबरोबर चहा घेतला, तर ते कमी घेते. बी-१२ हे जीवनसत्त्व मात्र डाळीत नसते. ज्या दिवशी गोश्त, मासे किंवा अंडे नसेल, त्या दिवशी दूध किंवा दही घ्यावे.

स्वयंपाक करताना सावध राहा. पहिल्या काही वेळा घरातील मोठे माणूस जवळ असू द्या. सुती कपडे घाला. ओढणीची किंवा बाहीची टोके आवरून घ्या. कुकरची वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकण उघडू नका. गॅसचा वास आला, तर काडी पेटवू नका आणि विजेचे बटणही दाबू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा आणि मोठ्यांना बोलवा.

पहिली खिचडी थोडी पातळ होईल किंवा मीठ कमी पडेल. हरकत नाही. पातळ खिचडी पेजेसारखी खाता येते आणि मीठ वरून घालता येते. एक दिवस अम्मी कामावरून थकून येईल. तेव्हा तिला सांगा, "अम्मी, तू बस. आज स्वयंपाक माझ्याकडे!"

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शिकणाऱ्याने सुरुवात कशापासून करावी?
(आ) खिचडीवर लिंबू का पिळावे?

२. कारण लिहा.
डाळ आणि तांदूळ एकत्र खाणे चांगले, कारण...

३. उर्दू शब्दांसाठी मराठी शब्द लिहा.
बघार, नमक, इमली, प्याज

४. घरी अम्मी किंवा अब्बांकडून एक बिनगोश्ताचा पदार्थ शिका. त्याची कृती मराठीत आठ वाक्यांत लिहा.